पुसलेली नावे, उरलेले आवाज : आरंभीच्या ख्रिस्ती धर्मातील स्त्रिया

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पाच शतकांचा इतिहास सामान्यतः पुरुषांच्या नावांनी सांगितला जातो. पेत्र आणि पौल हे प्रेषित, तर्तुलियन आणि ऑगस्टीन हे धर्मपंडित, कॉन्स्टंटाइन हा सम्राट आणि इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे जमलेले बिशप अशी ही परिचित मालिका आहे. त्याच काळात स्त्रियांनी आपल्या घरांत मंडळ्या भरविल्या, नवदीक्षितांना शिकविले, तुरुंगात दैनंदिनी लिहिली, सिनाय पर्वत चढून त्याचे वर्णन मायदेशी धाडले आणि वाळवंटात शिष्यांना उपदेश केला. या साऱ्याचे पुरावे उपलब्ध आहेत. त्यांतील काही नव्या कराराच्या पानांवर सुरुवातीपासून होते, तर काही एकोणिसाव्या व विसाव्या शतकात इजिप्तच्या वाळूतून आणि युरोपातील ग्रंथालयांतून पुन्हा हाती आले.

हे आवाज एकाच रीतीने हरवले नाहीत. कोणाचे नाव व्याकरणात बदलले गेले, कोणाची ओळख दुसरीच्या ओळखीत मिसळली, कोणाच्या ग्रंथाची पाने नष्ट झाली, तर कोणाचे शब्द केवळ विरोधकांच्या वा आप्तांच्या लेखणीतून उरले. प्रत्येक हरवण्याची तऱ्हा निराळी असल्याने त्यांच्या शोधाची पद्धतही निराळी आहे.

रोमकरांस पत्र, अध्याय सोळावा

पौलाने रोममधील मंडळीला इ. स. ५७ च्या सुमारास लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय वाचक सहसा चाळून सोडून देतात, कारण त्यात बहुतांशी नावे आणि सलाम आहेत. इतिहासकारांच्या दृष्टीने मात्र ही यादी अमूल्य आहे. त्या काळची मंडळी प्रत्यक्षात कोणाच्या बळावर चालत होती, हे ती सांगते. फीबीसह १० स्त्रियांचा उल्लेख या एका अध्यायात येतो.

फीबी ही करिंथ नगराच्या किंख्रिया या बंदरातील मंडळीची ‘डियाकोनोस’ होती. हाच ग्रीक शब्द पौल अन्यत्र स्वतःसाठी आणि अपुल्लोस या प्रचारकासाठी वापरतो. पुरुषाच्या संदर्भात भाषांतरकारांनी त्याला अधिकारसूचक अर्थ दिला, तर फीबीच्या वाट्याला १६११ च्या इंग्रजी राजमान्य भाषांतरात केवळ ‘सेविका’ या अर्थाचा शब्द आला. पौल तिला ‘प्रोस्टाटिस’ असेही म्हणतो. रोमन समाजात या शब्दाने आश्रय देणाऱ्या, वजनदार व्यक्तीचा बोध होई. हे पत्र रोमपर्यंत घेऊन जाणारी व्यक्ती फीबीच असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर त्यातील अवघड विचारांविषयी श्रोत्यांनी विचारलेल्या शंकांचे पहिले निरसनही तिनेच केले असण्याचा संभव आहे.

याच यादीत प्रिस्का, म्हणजे प्रिस्किल्ला, आणि तिचा पती अक्विल्ला हे तंबू बनविणारे जोडपे आहे. नव्या करारात या दांपत्याचा उल्लेख सहा ठिकाणी येतो आणि त्यांतील चार ठिकाणी पत्नीचे नाव आधी आहे. त्या काळच्या रीतीत ही गोष्ट लक्षणीय होती. अपुल्लोससारख्या विद्वान वक्त्याला धर्ममार्गाची अधिक अचूक ओळख या दोघांनी करून दिल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात नोंदलेले आहे.

एका स्वरचिन्हाची कथा

त्याच अध्यायात पौल अंद्रोनीक आणि युनिया यांना सलाम पाठवितो. दोघे त्याच्याआधी ख्रिस्ताचे झालेले, त्याच्यासह बंदिवास भोगलेले आणि प्रेषितांमध्ये नामांकित असल्याचे तो सांगतो. युनिया हे रोमन स्त्रियांचे प्रचलित नाव होते. चौथ्या शतकातील जॉन क्रिसोस्टोम हा धर्मोपदेशक एरवी स्त्रियांविषयी कठोर बोलणारा होता, तरीही प्रेषितपदाला योग्य ठरलेली स्त्री म्हणून त्याने युनियाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे.

अडचण पुढे निर्माण झाली. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत स्वराघाताची चिन्हे नसत. वाक्यातील विभक्तीमुळे या नावाचे जे रूप होते, त्यावर एका जागी चिन्ह दिले तर ते स्त्रीचे ‘युनिया’ ठरते आणि दुसऱ्या तऱ्हेचे चिन्ह दिले तर ‘युनियास’ नावाचा पुरुष तयार होतो. स्त्री प्रेषित असू शकत नाही, ही धारणा रूढ झाल्यावर मध्ययुगापासून काही भाष्यकारांना दुसरा पर्याय सोयीचा वाटू लागला. १९२७ मध्ये नव्या कराराच्या प्रमाणभूत ग्रीक संहितेच्या आवृत्तीतही पुरुषवाचक चिन्ह आले आणि सुमारे सात दशके ते टिकले.

या बदलाला आधार कोणता होता? ‘युनियास’ हे पुरुषनाव त्या काळच्या एकाही शिलालेखात वा ग्रंथात सापडलेले नाही. उलट रोममधील शिलालेखांत युनिया नावाच्या स्त्रिया अडीचशेहून अधिक वेळा आढळतात. बर्नाडेट ब्रूटन यांनी १९७७ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधले, १९९८ मधील पुनर्मुद्रणात प्रमाणभूत संहितेने स्त्रीवाचक रूप पुन्हा स्वीकारले आणि २००५ मध्ये एल्डन एप यांनी या प्रवासाचा साद्यंत इतिहास ग्रंथरूपाने मांडला. ती ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ होती की ‘प्रेषितांना सुपरिचित’ होती, हा वाद काही विद्वान अजूनही घालतात. ती स्त्री होती, याविषयी मात्र आता फारसा मतभेद उरलेला नाही.

मग्दालीया मरीया : साक्षीदार ते पापिणी

युनियाचे लिंग बदलले गेले. मग्दालीया मरीयेचे चारित्र्यच बदलले गेले. चारही शुभवर्तमानांत ती येशूच्या रिकाम्या कबरेपाशी उपस्थित आहे. योहानाच्या शुभवर्तमानानुसार पुनरुत्थित येशू प्रथम तिला दिसतो आणि ही वार्ता शिष्यांना सांगण्याची कामगिरीही तिच्यावर सोपवितो. लूक तिचा समावेश स्वतःच्या पैशाअडक्याने येशूच्या कार्याला साहाय्य करणाऱ्या स्त्रियांत करतो. तिच्यातून सात भुते निघाल्याचा उल्लेख आहे. तिने देहविक्रय केल्याचा किंवा ती दुराचारी असल्याचा उल्लेख नव्या करारात कोठेही नाही.

इ. स. ५९१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात तीन निरनिराळ्या स्त्रिया एकत्र केल्या : मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया आणि येशूचे पाय अश्रूंनी भिजविणारी लूकच्या सातव्या अध्यायातील अनाम पापी स्त्री. सात भुते म्हणजे सारे दुर्गुण, असा अर्थही त्याने लावला. पश्चिम युरोपातील चित्रकला, शिल्प आणि लोककथा यांनी पुढे शतकानुशतके याच संमिश्र प्रतिमेची जोपासना केली आणि साक्षीदार मागे पडून पश्चात्तापदग्ध पापिणी तेवढी उरली. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेने मात्र या तिघींना कधी एक मानले नाही.

रोमन कॅथलिक चर्चने १९६९ च्या दिनदर्शिका-सुधारणेत ही सरमिसळ सोडून दिली. जून २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार निघालेल्या आदेशाने २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. ‘प्रेषितांची प्रेषित’ ही तिची जुनी उपाधीही त्यानिमित्ताने पुन्हा अधोरेखित झाली.

मरीयेचे शुभवर्तमान

१८९६ मध्ये कार्ल राइनहार्ट या जर्मन विद्वानाने कैरो येथे एक कॉप्टिक हस्तलिखित विकत घेतले. पाचव्या शतकातील हा ग्रंथ आज बर्लिनमध्ये आहे आणि त्यातील पहिली रचना ‘मरीयेचे शुभवर्तमान’ ही आहे. तिची मूळ ग्रीक संहिता दुसऱ्या शतकातील असावी, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. प्रकाशनाला मात्र दुर्दैवाने पछाडले. १९१२ मध्ये छपाईच्या टप्प्यावर आलेली आवृत्ती छापखान्यातील पाण्याचा नळ फुटून नष्ट झाली, त्यानंतर दोन महायुद्धे आली आणि अखेर १९५५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. दरम्यान ग्रीक भाषेतील दोन लहान तुकडेही सापडले. त्यांपैकी एक मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात, तर दुसरा ऑक्सफर्डमध्ये आहे. सुरुवातीची सहा आणि मधली चार पाने अद्याप उपलब्ध नाहीत, म्हणजे निम्म्याहून अधिक रचना हरवलेली आहे.

उरलेल्या भागातील प्रसंग विलक्षण आहे. तारणारा निघून गेल्यावर शिष्य भयाने रडू लागतात आणि मरीया त्यांना धीर देते. पेत्र स्वतःच तिला विनंती करतो, की गुरूचे जे शब्द आम्ही ऐकले नाहीत ते सांग. आत्मा अंधकार, वासना, अज्ञान, क्रोध अशा शक्तींना ओलांडून विश्रांतीस कसा पोहोचतो, हे ती आपल्याला झालेल्या दर्शनाच्या आधारे सांगते. तिचे बोलणे संपताच आंद्रिया या शिकवणीला विचित्र ठरवितो आणि पेत्र विचारतो, की आपल्याला डावलून गुरू एका स्त्रीशी एकांतात बोलला असेल काय? मरीयेला रडू कोसळते. तेव्हा लेवी पेत्राला त्याच्या तापटपणाची आठवण करून देतो आणि गुरूने जिला पात्र मानले तिला नाकारणारे आपण कोण, असा प्रश्न करतो.

ही घटना येशूच्या काळात अशीच घडली, असे मानण्याचे कारण नाही. दुसऱ्या शतकातील मंडळ्यांत चाललेल्या वादाचे मात्र हे स्पष्ट प्रतिबिंब आहे. शिकविण्याचा अधिकार अनुभवातून येतो की पदातून, आणि स्त्रीला झालेले ज्ञान पुरुषांनी मान्य करावे की नाही, हे त्या वादाचे मुद्दे होते.

थेक्ला आणि तिच्या वाचकांची भीती

त्याच शतकात आशिया मायनरमध्ये ‘पौल आणि थेक्ला यांची कृत्ये’ ही कथा लोकप्रिय झाली. इकोनियमची थेक्ला खिडकीत बसून पौलाचा उपदेश ऐकते, ठरलेला विवाह मोडते आणि मृत्युदंड ओढवून घेते. रिंगणात एक सिंहीण तिचे रक्षण करते, नगरातील स्त्रिया तिच्या बाजूने आक्रोश करतात आणि थेक्ला पाण्याच्या कुंडात उडी घेऊन स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देते. शेवटी पौल तिला शिकविण्यासाठी पाठवितो.

कथा बव्हंशी कल्पित असली तरी तिचा प्रभाव खरा होता. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनने तक्रार केली, की काही स्त्रिया थेक्लाचे उदाहरण पुढे करून शिकविण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा अधिकार सांगतात. ही रचना आशियातील एका धर्मवडिलाने पौलाच्या प्रेमापोटी रचली आणि त्यासाठी त्याला पद सोडावे लागले, असेही तो लिहितो. तर्तुलियनच्या रागामुळेच आपल्याला कळते, की असा अधिकार मागणाऱ्या स्त्रिया त्या काळी प्रत्यक्षात होत्या.

पर्पेतुआची दैनंदिनी

इ. स. २०३ च्या मार्चमध्ये कार्थेज येथे, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, विबिया पर्पेतुआ ही २२ वर्षांची सुशिक्षित, कुलीन स्त्री काही सोबत्यांसह मारली गेली. मृत्यूपूर्वी तुरुंगात तिने लिहिलेली टिपणे एका अज्ञात संपादकाने प्रस्तावना आणि अखेरचा वृत्तान्त जोडून जतन केली. मधला भाग तिच्याच हातचा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात, जरी काहींनी शंका घेतली आहे. ख्रिस्ती स्त्रीने स्वतः लिहिलेल्या, आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते.

या टिपणांत सिद्धान्त थोडे आणि देह फार आहे. अंधाऱ्या कोठडीतील उकाडा, सैनिकांची दमदाटी, अंगावर पिणाऱ्या बाळाची काळजी आणि बाळ जवळ आल्यावर तुरुंगही राजवाड्यासारखा वाटणे, हे सारे ती साध्या भाषेत नोंदविते. म्हातारा बाप पुन्हा पुन्हा येतो, तिच्या पाया पडतो आणि श्रद्धा सोडण्याची याचना करतो. पर्पेतुआला त्याचे दुःख कळते, ती त्याविषयी हळहळते, पण मागे हटत नाही. तिच्या स्वप्नांत शस्त्रांनी वेढलेली ब्राँझची उंच शिडी आहे आणि तिच्या पायथ्याशी अजगरासारखा प्राणी आहे. शेवटच्या स्वप्नात ती पुरुषदेह धारण करून प्रतिस्पर्ध्याशी कुस्ती जिंकते. सोबत्यांत ती पुढारी आहे. दर्शन मागण्याचा अधिकार तिला आहे, असे तिचा भाऊच तिला सांगतो.

तिच्यासोबत फेलिसितास नावाची गर्भवती दासीही होती. तिने तुरुंगातच मुलीला जन्म दिला आणि त्या मुलीला मंडळीतील एका स्त्रीने वाढविले. फेलिसितासने लिहिलेले काही उरलेले नाही. हरवलेल्या आवाजांतही कुलीन आणि दासी यांच्यातील अंतर कायम राहते, याची जाणीव ही जोडी करून देते.

इतरांच्या लेखणीतून

बहुसंख्य स्त्रियांचे विचार पुरुषांच्या लेखनातूनच पोहोचले आहेत. दुसऱ्या शतकात फ्रिजिया प्रांतात प्रिस्किल्ला आणि मॅक्सिमिला या संदेष्ट्या उदयास आल्या. त्यांची मोजकी वचने उरली, तीही मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी खंडनासाठी उद्धृत केली म्हणून. चौथ्या शतकातील मॅक्रिना ही बॅसिल आणि निसाचा ग्रेगरी या दोन थोर धर्मपंडितांची थोरली बहीण. ग्रेगरीने तिचे चरित्र लिहिले आणि तिच्या मृत्युशय्येपाशी झालेला आत्मा व पुनरुत्थान यांविषयीचा संवाद रचला. त्यात तो बहिणीला ‘गुरू’ म्हणूनच संबोधतो. त्यातील किती शब्द तिचे आणि किती ग्रेगरीचे, हे ठरविणे अशक्य आहे.

कॉन्स्टँटिनोपलची ऑलिम्पियास ही धनाढ्य विधवा धर्मसेविका होती. निर्वासित झालेल्या क्रिसोस्टोमने तिला लिहिलेली १७ पत्रे उपलब्ध आहेत. तिने त्याला पाठविलेले एकही पत्र टिकले नाही. इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांच्या वचनसंग्रहात ‘अब्बा’ अर्थात पित्यांच्या बरोबरीने सारा, सिंक्लेटिका आणि थिओडोरा या तीन ‘अम्मां’ची वचने वर्णानुक्रमाने दिलेली आहेत. तेथे त्या कोणाच्या बहिणी वा मैत्रिणी म्हणून येत नाहीत. मार्गदर्शनासाठी लोक त्यांच्याकडे जात, म्हणून येतात.

नाव हरवलेली प्रवासिनी

१८८४ मध्ये इटलीतील आरेत्झो येथे गामुरीनी या विद्वानाला अकराव्या शतकातील एक हस्तलिखित सापडले. त्यात एका स्त्रीने इ. स. ३८१ ते ३८४ या काळात केलेल्या पवित्र भूमीच्या प्रवासाचे वर्णन होते. आरंभ आणि अखेर हरवल्यामुळे लेखिकेचे नाव नव्हते. गामुरीनीने ते लेखन अन्य एका स्त्रीचे मानले. १९०३ मध्ये सातव्या शतकातील एका साधूच्या पत्राच्या आधारे ती एगेरिया असल्याचे दाखविले गेले.

एगेरिया आपल्या मायदेशातील ‘भगिनीं’ना पत्ररूपाने लिहिते. ती सिनायचा चढ किती खडा आहे हे सांगते, थेक्लाच्या समाधिस्थळी जाऊन तिची कथा वाचते आणि जेरुसलेममधील उपासनेचा तपशील दिवसवार नोंदविते. चौथ्या शतकातील पवित्र सप्ताह कसा पाळला जाई, यासाठी आजचे अभ्यासक मुख्यतः तिच्यावर अवलंबून आहेत. धर्मविधींच्या इतिहासाचा हा पाया एका जिज्ञासू स्त्रीच्या पत्रांवर उभा आहे.

‘रूहा’ : व्याकरणातील स्त्रीत्व

स्त्रियांच्या आवाजाप्रमाणेच ईश्वरविषयक स्त्रीरूपकांचाही एक विस्मृत प्रवाह आहे. हिब्रू भाषेत आत्म्यासाठी असलेला ‘रूआख’ हा शब्द बहुधा स्त्रीलिंगी चालतो. येशूच्या बोलीशी नाते सांगणाऱ्या सिरियाक भाषेत ‘रूहा’ स्त्रीलिंगी आहे. ग्रीकमधील ‘न्यूमा’ नपुंसकलिंगी, तर लॅटिनमधील ‘स्पिरितुस’ पुल्लिंगी. मराठी वाचकाला यातील मर्म चटकन उमगेल. ‘आत्मा आला’ म्हटले, की क्रियापदासह सारे वाक्य पुरुषवाचक होते. तेथेच ‘शक्ती आली’ म्हटले, की मनात उभी राहणारी प्रतिमा बदलते.

आरंभीच्या सिरियाक लेखकांनी या व्याकरणाला अनुसरून आत्म्याचे मातृरूप रंगविले. ‘सॉलोमनची स्तोत्रे’ या प्राचीन संग्रहात स्तन्याची रूपके आहेत. चौथ्या शतकातील अफ्राहाट या पर्शियातील लेखकाने ईश्वराला पिता आणि पवित्र आत्म्याला माता मानले. तिसऱ्या शतकातील सिरियातील ‘दिदास्कालिया’ या मंडळीच्या नियमग्रंथात तर धर्मसेविकेचा मान पवित्र आत्म्याचे प्रतीक म्हणून राखावा, असे सांगितले आहे. इ. स. ४०० नंतर मात्र सिरियाक लेखक ‘रूहा’ शब्दाला हळूहळू पुल्लिंगी चालवू लागले. भाषेच्या नियमाला मुरड घालावी लागली, पण रूपक मागे पडले.

दारे कशी मिटली

पहिल्या पिढ्यांत उपासना घरांत होई आणि गृहव्यवस्था स्त्रीच्या हाती असे. चौथ्या शतकात राजाश्रय मिळाल्यावर उपासना भव्य सार्वजनिक वास्तूंत गेली. सार्वजनिक अधिकार पुरुषांचाच, हा रोमन संकेत त्यामुळे मंडळीलाही अधिक घट्ट लागू झाला, असे अनेक अभ्यासक मांडतात. स्त्रियांनी शिकवू नये, असे सांगणारे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र पौलानंतरच्या पिढीतील असावे, हे आधुनिक संशोधनातील बहुमत आहे. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, हे करिंथकरांस पत्रातील वचन काही हस्तलिखितांत निराळ्या जागी आढळते. त्याच पत्रात आधी स्त्रियांनी प्रार्थना करताना व संदेश देताना मस्तक झाकावे, असे सांगितले आहे, म्हणजे त्या बोलत होत्या हे गृहीतच धरलेले आहे.

धर्मसेविकेचे पद मात्र दीर्घकाळ टिकले. इ. स. ४५१ च्या कॅल्सिडॉन परिषदेने त्यासाठी ४० वर्षांची वयोमर्यादा घातली. जेरुसलेमच्या जैतुनाच्या डोंगरावर १९०३ मध्ये सापडलेल्या शिलालेखात सोफिया नावाच्या धर्मसेविकेला ‘दुसरी फीबी’ म्हटले आहे. पौलाच्या पत्रातील ते नाव पदाची परंपरा म्हणून स्मरणात होते, याचा हा दगडावरील पुरावा आहे. प्रौढ स्त्रियांच्या बाप्तिस्म्यात साहाय्य करणे हे या सेविकांचे एक मुख्य काम होते. बालकांचा बाप्तिस्मा सार्वत्रिक झाल्यावर त्या कामाची निकड कमी झाली आणि पदही क्षीण होत गेले.

पुनर्शोधाच्या मर्यादा

१९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या १३ हस्तलिखित ग्रंथांनी आणि १९७९ मध्ये इलेन पेगेल्स यांनी लिहिलेल्या ‘द नॉस्टिक गॉस्पेल्स’ या पुस्तकाने या विषयाला व्यापक वाचकवर्ग मिळवून दिला. १९८३ मध्ये एलिझाबेथ श्युस्लर फिओरेंझा यांनी स्त्रीकेंद्री इतिहासलेखनाची शिस्तबद्ध पद्धत मांडली. या उत्साहात काही सोपे निष्कर्षही रूढ झाले. पुरातन नॉस्टिक पंथ समतावादी होते आणि चर्चने ते दडपले, हा त्यांपैकी एक. प्रत्यक्षात ‘थोमाचे शुभवर्तमान’ या नाग हम्मादी येथीलच ग्रंथाच्या शेवटी मरीयेला जीवनास पात्र होण्यासाठी पुरुष व्हावे लागेल, असा आशय आहे. सोफिया या दिव्य स्त्रीतत्त्वाच्या चुकीतून हे सदोष जग निर्माण झाले, ही कल्पनाही त्याच साहित्यातील आहे.

२०१२ मध्ये येशूच्या ‘पत्नी’चा उल्लेख असलेला एक पपायरसचा तुकडा जगभर गाजला. २०१६ पर्यंत तो आधुनिक बनावट असल्याकडे पुरावे झुकले आणि तो जाहीर करणाऱ्या हार्वर्डमधील प्राध्यापक कॅरेन किंग यांनीही ते मान्य केले. जे ऐकण्याची इच्छा तीव्र असते, ते पारखून घेण्याची गरजही तितकीच असते. युनियाला पुरुष ठरविणाऱ्यांनी आपल्या धारणेला पुराव्यापुढे ठेवले होते. तीच चूक उलट दिशेने झाली, तर संशोधनाची विश्वासार्हता उरत नाही.

मराठी दुवा : पंडिता रमाबाई

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. संस्कृत विदुषी म्हणून पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा प्रस्ताव आला, तेव्हा अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांनी त्याला आक्षेप घेतला. तर्तुलियनच्या काळातील प्रश्न सतराशे वर्षांनी एका मराठी स्त्रीपुढे तसाच उभा राहिला. रमाबाईंनी त्या काळातील पत्रव्यवहारात आपल्या सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य ठामपणे राखले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झाले. फीबीचा, प्रिस्काचा आणि युनियाचा उल्लेख असलेला तो अध्याय एका स्त्रीने मूळ ग्रीकमधून वाचून मराठीत आणला, ही नोंद जागतिक इतिहासातही दुर्मीळ आहे.

आजचा प्रश्न

या संशोधनाचे पडसाद केवळ विद्यापीठांत उमटत नाहीत. स्त्रियांना धर्मसेविकापद द्यावे काय, हे तपासण्यासाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये अभ्यासमंडळे नेमली. मे २०२४ मध्ये अलेक्झांड्रियाच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठाने झिंबाब्वेमध्ये एका स्त्रीला धर्मसेविकापदाची दीक्षा दिली. दोन्ही परंपरांत विरोध आणि समर्थन तीव्र आहे आणि दोन्ही बाजू प्राचीन पुराव्यांचाच आधार घेतात. फीबीला लावलेल्या शब्दाचा अर्थ, युनियाच्या नावावरील चिन्ह आणि कॅल्सिडॉनने घातलेली वयाची अट हे तपशील म्हणूनच जिवंत महत्त्वाचे ठरतात. आज एखाद्या स्त्रीला वेदीपाशी कोणते काम करता येईल, याचे उत्तर काही अंशी त्यांच्या वाचनावर अवलंबून आहे.